तिने मला नावाने हाक मारली

माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीने मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक मारली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. आधी माझं नाव, त्याला चिकटून ‘जी’ आणि पुढे ‘धन्यवाद’. बस्स, एवढंच. मी ऑफिसात फायलींच्या ढिगात बसले होते. ते वाचलं आणि एक फाईल तोंडापुढे धरून रडले.

बाहेरच्या माणसाला यात रडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या छत्तीसगडात मैत्री नुसती होत नाही, ती बांधावी लागते. ‘मितान बदना’ म्हणतात. दोघींनी एकमेकींना काहीतरी द्यायचं, आणि त्या दिवसापासून त्या वस्तूचं नाव हेच दोघींचं नाव. कुणी गंगाजल देतं, कुणी जगन्नाथाचा महाप्रसाद. मुली बहुतेक भोजली देतात. भोजली म्हणजे श्रावणात टोपलीत, अंधाऱ्या खोलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्यावर जायचं, कोंब पाण्यात शिरवायचे, म्हणजे विसर्जन करायचं, आणि त्यातलेच चार मैत्रिणीच्या कानावर खोचून म्हणायचं, “सीताराम भोजली.” तिनेही उलट तेच म्हणायचं. मग मरेपर्यंत एकमेकींचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. दाई म्हणजे आई. तिची आई ती माझी फूलदाई, माझी आई ती तिची. सुखात आणि दुःखात एकमेकींच्या घरी लेकीसारखं उभं राहायचं.

आम्ही भोजली झालो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या एका गल्लीत समोरासमोर घरं. माझे वडील रेल्वेत, तिचे वडील शाळेत मास्तर. ती आमच्याच घरात आमची मराठी शिकली, मी तिच्या घरात छत्तीसगडी. कानावर कोंब खोचून मी घरी आले तर आई म्हणाली, “हे काय नवीन खूळ वो?” पण कोंब काढ म्हणाली नाही. माझ्यासाठी तो एक मजेदार नियम असलेला खेळ होता. तिच्यासाठी तो खेळ नव्हता, हे मला कळायला चाळीस वर्षं लागली. मी तशी हुशारच.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत फूलदाई गेली. त्या दिवशी मी होते, नेईपर्यंत होते. दहाव्या दिवशी दशगात्र होतं, म्हणजे दहाव्याचे विधी आणि पंगत, आणि तेव्हा विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. नवा रायपूरच्या आमच्या ऑफिसात अधिवेशन म्हणजे काय असतं ते सरकारी माणसालाच माहीत. प्रश्न येतात, उत्तरं द्यायची असतात, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली असते. पण खरं सांगायचं तर अर्ध्या दिवसाची रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. आम्हा मराठी घरांत शेजारी कोणी गेलं की एकदा भेटून यायचं, झालं. दुपारी मी तिला एक ओळ पाठवली, पुढे जोडलेले दोन हात. संध्याकाळी ते उत्तर आलं.

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात मी तयार आहे. पण ती दुसऱ्या सोमवारी नेहमीसारखी बुढा तलावावर फिरायला आली, नेहमीसारखी माझ्या डाव्या बाजूने चालली आणि म्हणाली, “(माझं नाव), आज उशीर झाला काय तुले?” माझं नाव काही वाईट नाही. पण तिच्या तोंडून ते इतकं स्वच्छ, इतकं सरावाने आलं की मला वाटलं, कोणीतरी माझ्या घराची बेल वाजवून ‘इथं कोण राहतं’ असं विचारतंय. मी मात्र तिला भोजलीच म्हणत राहिले. ती ‘ओ’ द्यायची. उलट नाव घ्यायची. दहा महिने हे असं चाललं, आणि या दहा महिन्यांत मला एकच गोष्ट हवी होती. तिने मला एकदा भोजली म्हणावं. माफी मागायचं मात्र माझ्याच्याने होत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ म्हणजे मी.

आमच्यात तिसरी एक आहे, मॅडम. माझ्याच ऑफिसात माझ्याहून वरच्या पदावर, मूळच्या अमरावतीच्या, बदली होऊन आल्या आणि चौबे कॉलनीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायला लागल्या. मैत्री झाली तरी ‘मॅडम’ सुटलं नाही. त्या रोज आमच्याबरोबर फिरायला यायच्या आणि त्यांना आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस तलावाच्या कठड्याशी टेकून त्या म्हणाल्या, “कोकण पाह्यलं काय वो तुम्ही?”

आम्ही दोघींनी माना हलवल्या. रायपूरवाल्यांचा समुद्र म्हणजे पुरीचा. रात्री गाडीत बसा, सकाळी जगन्नाथ, दुपारी समुद्र.

“मराठी बाई अन् कोकण नाही पाह्यलं? जाऊ चला. माझी गाडी आहे.”

मी भोजलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “हव. शाळेला सुट्टी आहे डिसेंबरात.” ती एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे. माझ्याबरोबर आठ दिवस एका गाडीत बसायला ती मी असूनही तयार झाली की मी आहे म्हणून, ते मला कळेना.

तर पन्नाशी ओलांडलेल्या तीन बाया निघाल्या. मॅडम चालवायच्या, सरळ रस्ता आला की मला द्यायच्या. नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर गाडी शिकलेली मी, मला वळण आलं की घाम फुटतो. नागपूर, यवतमाळ, लातूर, सोलापूर करत तिसऱ्या दिवशी कोल्हापूर सुटलं. भोजली मागच्या सीटवर ठेठरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ठेठरी म्हणजे आमच्याकडची बेसनाची कडक कडबोळी. दर तासाला डबा पुढे यायचा आणि त्याबरोबर माझं नाव यायचं. मॅडम मजेत होत्या. मी ठेठरी चावत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

आंबा घाट उतरून रत्नागिरी मागे टाकली आणि आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला वळलो. रस्ता चढत होता. दोन्ही बाजूंना तांबडी माती, वाळलेलं सोनेरी गवत, मधेच काजूची झाडं. समुद्र कुठेच नव्हता. मी म्हणणारच होते की मॅडम, रस्ता चुकला. तेवढ्यात एक वळण आलं आणि मॅडमनी ब्रेक दाबला. आम्ही खाली उतरलो.

पुरीला समुद्र समोर असतो. आपण वाळूतून त्याच्याकडे चालत जातो, तो आपल्याकडे येतो, आणि हे सगळं सपाटीवर चालतं. इथे जमीनच संपली होती. डोंगर चालत चालत आला होता आणि पाण्यात पडला होता. आम्ही त्या पडण्याच्या काठावर उभ्या होतो. खाली, फार खाली, काळे कातळ आणि त्यांच्यावर येऊन फुटणारं पाणी. पांढरा फेस वर चढायचा, क्षणभर थांबायचा आणि कोसळायचा, आणि त्याचा आवाज नंतर यायचा. पलीकडे दुसरा डोंगर, त्याच्या पलीकडे तिसरा, सगळ्यांचे पाय पाण्यात. पाणी तरी एका रंगाचं असावं? काठाशी हिरवं, मग निळं, मग इतकं गडद की त्याला नाव सापडेना. आणि त्याच्याही पुढे नुसता उजेड. डोळे पुरत नव्हते. मला छाती भरून आल्यासारखं झालं आणि भीतीही वाटली. एवढं मोठं काहीतरी इथे रोज असतं आणि मी चोपन्नाव्या वर्षापर्यंत फायलींवर शेरे लिहीत बसले होते!

   भोजली पुढे कठड्यापाशी गेली आणि देवळात घेतात तसा तिने डोक्यावरून पदर घेतला. हात जोडले.

“ददा गा,” ती म्हणाली, “अतेक पानी!”

केवढं हे पाणी! ती माझ्याकडे वळली आणि हसली, अकरा वर्षांची हसायची तशीच. मग तिला आठवलं. हसू हळूहळू मिटलं, तिने पदर नीट केला आणि ती पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मला समुद्र दिसेनासा झाला. वारा डोळ्यांत गेला, असं मी मॅडमना सांगितलं.

पुढे एक खाडी लागली. जयगडला रस्ता सरळ पाण्यात उतरतो आणि संपतो. तिथे एक चपट्या पोटाची बोट आली, तिचं तोंड खाली पडलं, आणि तिने आधी एक टेम्पो, मग चार-पाच दुचाक्या, मग आमची गाडी गिळली. मी गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिले. डावीकडे खाडीचं तोंड समुद्राकडे उघडं होतं, उजवीकडे पाणी डोंगरांमध्ये आत आत गेलेलं, आणि आमची रायपूरची नंबरप्लेट मधोमध तरंगत होती. एवढ्या लोखंडाचं ओझं पाणी काही न बोलता उचलतं, याचंच मला नवल वाटत राहिलं. भोजली बोटीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

तवसाळला उतरून, गुहागरच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही दोन दिवस राहिलो. घरमालकिणीने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना ठेवल्या होत्या. माडांतून खाली उतरलं की किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमची कंबर धरली, त्या घावन खाऊन पुन्हा झोपल्या. भोजली म्हणाली, “मी जाते खाली.” मी न विचारताच तिच्यामागे निघाले. दहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघीच होतो.

समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण फार दूर गेला होता, आणि काल जिथे लाटा फुटत होत्या तिथे काळ्या कातळाचं अंगण उघडं पडलं होतं. आम्ही दोघींनी चपला काढल्या, वाळू संपते तिथे नीट जोडीने ठेवल्या आणि कातळावर चढलो. तळ्यावर असंच करायचं असतं. पायरीवर चपला काढायच्या, पाण्यात जायचं, आल्यावर चपला तिथेच असतात. तळ्याचं पाणी बसल्या जागी बसून असतं. जन्मभर आम्ही तेच पाणी पाहिलेलं.

कातळात जागोजागी खळगे होते आणि प्रत्येकात थोडा थोडा समुद्र मागे राहिला होता. एका खळग्यात बोटाएवढे मासे, दगडाच्याच रंगाचे, हलले तरच दिसणारे. एकात शंख चालत होता. उचलला तर आत खेकडा. कातळाला चिकटलेली हिरवी फुलं होती. भोजलीने एकाला बोट लावलं तर ते फूल मिटलं आणि तिचं बोट धरून बसलं.

“अई! पाह्य न, पाह्य! पकडून राहिलं मले!”

मी पण बोट लावलं. मऊ, थंड, जिवंत पकड. आम्ही उकिडव्या बसून एका खळग्यातून दुसऱ्यात डोकावत पुढे पुढे सरकलो. तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती. हे पोरांना दाखवायले पायजे, ते पोरांना दाखवायले पायजे, असं तिचं चाललं होतं. दिवसातून दोनदा समुद्र हे सगळं उघडतो आणि दोनदा झाकतो, कोणी पाहो न पाहो. मला ते इतकं अपार वाटलं की मी जाऊन कोणाच्या तरी पाया पडले असते. ती माझ्याशी बोलत होती, सहज बोलत होती. नाव मात्र नाही आणि भोजलीही नाही. ‘पाह्य न’ एवढंच. मला तेवढंही खूप होतं.

“ओ बायांनो! भरती लागली! तिकडं काय बसल्यात?”

मागून आवाज आला. कातळावरची कालवं फोडून काढणारी एक बाई कमरेला साडी खोचून, टोपली घेऊन किनाऱ्याकडे निघाली होती आणि आमच्यावर ओरडत होती. मी वळून पाहिलं. आम्ही ज्या घळीतून कोरड्या पायांनी आलो होतो, तिच्यात पाणी वाहत होतं. आमच्या आणि वाळूच्या मध्ये.

तळ्यात पोहायला शिकलेल्या बाया आम्ही, बुडायची भीती नव्हती. पण तळं ओढत नाही. घळीत पाय टाकला तर पाणी गुडघ्यावर आणि त्याला स्वतःचं काहीतरी मत. एक लाट आली, पाणी कमरेला लागलं, पायाखालचा दगड निसटला आणि मी बाजूला ढकलली गेले. भोजलीने माझा दंड धरला. आणि ओरडली. माझं नाव घेऊन ओरडली, पूर्ण, मोठ्याने, समुद्राच्या आवाजावर.

त्या कालवंवाल्या बाईने पलीकडून हात दिला आणि आम्ही दोघी वाळूवर येऊन पडलो. जीव भांड्यात पडला. पण माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? माझ्या मनात आलं, मी वाहून जात होते तेव्हाही हिच्या तोंडून भोजली निघालं नाही.

चपला गेल्या होत्या. चारही. त्या बाईने आमच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि ती पोट धरधरून हसली. “पाण्याच्या तोंडावर ठेवल्यात होय? अगो बाई! बहिणी काय तुम्ही?”

भोजली केस पिळत होती. “नाही,” ती म्हणाली, “सकाळी सोबत फिरायले जातो.”

एवढंच. चाळीस वर्षं, दोन घरं, दोन आया, आणि सोबत फिरायले जातो. मी ओल्या साडीने गरम वाळूतून खोलीकडे चालत गेले, तळवे भाजले, आणि तेव्हा माझा पीळ जळला. राग तिचा नाही आला. आपलाच आला.

संध्याकाळी मी तिला शोधत खाली गेले. ती माडाच्या आडव्या पडलेल्या खोडावर बसली होती. पुरीला सूर्य समुद्रातून निघतो, ते आम्ही पाहिलेलं. समुद्रात बुडताना मी कधी पाहिला नव्हता. तो खाली येत होता, लाल, सावकाश, आणि सगळं पाणी त्याच्याकडे तोंड करून उभं राहिल्यासारखं. मी शेजारी बसले.

“भोजली, मी दशगात्राले नाही आली.”

“हव.”

“यायले पायजे होतं.”

“हव.”

ती मदत करत नव्हती, आणि कशाला करावी? मी म्हणाले, “अधिवेशन होतं, पण त्याच्यासाठी नाही. मले वाटलंच नाही की तिथं माझं काही काम आहे. तिनं मले लेक म्हटलं अन् मी शेजारीण राहिली. माझं चुकलं.”

 सूर्याची कडा पाण्याला लागली.

“तुझं पान वाढलं होतं,” ती म्हणाली. “बहिणींच्या ओळीत. काकी विचारे, तोर भोजली कहाँ हे? मी म्हणे, येऊन राहिली. पुन्हा विचारे, मी म्हणे, येऊन राहिली. सगळे जेवून उठले. मग ते पान गाईले दिलं.” तिने डोळे पुसले नाहीत. “मी रागानं नाही घेतलं तुझं नाव. बाहेरच्या माणसाचं नावच घेतात न. तू बाहेरची झाली, मी काय करू?”

“मग आता?”

“आता काय? तुटलं ते तुटलं. कोंब काय पुन्हा कानावर लागतात?”

सूर्य गेला. मला वाटलं होतं की तो गेला की अंधार होईल, पण उलट आकाश पेटलं, डोक्यावरपर्यंत, आणि ते सगळं पाण्यात उतरलं. आम्ही दोघी रडत होतो आणि दोघी आ वासून बघत होतो. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. माफी मागून मी मोकळी झाले होते आणि मला काहीही मिळालं नव्हतं. ते बरोबरच होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मॅडम गाडीत सामान भरत होत्या. भोजलीने घरमालकिणीला विचारलं, “पाणी चढून राहिलं की उतरून?” एवढं शहाणपण आलं होतं. मग मला म्हणाली, “चल.” या वेळी नवीन रबरी चपला आम्ही हातात धरून गेलो.

लाटा कातळावर फुटून वाळूवर पसरत होत्या. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, चपला काखेत मारल्या, वाकली आणि दोन्ही हातांनी ओंजळ भरली.

“हात कर.”

मीही चपला काखेत मारून हात पुढे केले. तिने ते पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. थंड होतं, थोडी वाळू होती त्यात.

“दाई सांगे,” ती म्हणाली, “एकाशी तुटलं तर दुसऱ्याशी दुसरं बांधा. त्याच माणसाशी दुसरं बांधता येते का, ते मी विचारलंच नाही तिले. कोणाले माहीत होतं लागीन म्हणून?”

“अन् चालत नसलं तर?”

“तर पाप अर्धं अर्धं.”

तिने ओल्या बोटांनी माझ्या कानाला पाणी लावलं.  शाळेत प्रार्थना सांगते तशा आवाजात ती म्हणाली, “सीताराम समुंदर.”

ओंजळीतलं पाणी गळू नये म्हणून मी बोटं घट्ट आवळत राहिले.  

“उलट म्हण न! अर्धवट ठेवशील काय?”

मी माझ्या ओंजळीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. निम्मं सांडलं. तिच्या कानाला हात लावला आणि कसंबसं म्हणाले, “सीताराम समुंदर.” तिच्या पाठीमागे तो सगळा होता, डोंगराच्या मुळापासून उजेडापर्यंत, आणि एवढ्याचं नाव आम्ही दोन रायपूरच्या बायांनी आपल्याला घेतलं होतं. मला लाज वाटली आणि आभाळाएवढा आनंद झाला.

“लय मोठं नाव दिलं तुले,” ती म्हणाली. “सांभाळ. आता नाही आली न, तर तिसरं नाही बांधणार मी.”

माडांतून मॅडम किल्ली हलवत आल्या. “काय करून राहिल्या वो तुम्ही दोघी? उशीर होते न!”

फेब्रुवारीत फूलदाईची बरसी आली. अधिवेशन चालूच होतं. मी पूर्ण दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण या रकान्यात लिहिलं, आईचं वर्षश्राद्ध. साहेबांनी वर पाहिलं, म्हणाले, “तुमच्या आई तर बऱ्याच आधी गेल्या न?” मी म्हटलं, “ही दुसरी.” त्यांनी काय समजायचं ते समजून सही केली.

सकाळी आठला मी बुढापाऱ्यात पोचले. गल्लीत मांडव होता, पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि ओळखीचे शेजारी त्यांवर बसून चहा पीत होते. एकाने उठून मला खुर्ची पुढे केली. बसावं की आत जावं, मला ठरवता येईना. खांद्यावर पर्स घेऊन मी मधेच उभी होते. वर्षभरापूर्वी मी बसले असते.

आतल्या दारात ती आली. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, हातात झारा. तिने मला पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “समुंदर! उभी काहून आहेस? भात खाली लागून राहिला, पातेलं उतरव!”

खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली, कोणाला हाक मारली म्हणून. मी पर्स कोनाड्यात ठेवली, पदर खोचला आणि आत जाऊन पातेलं उतरवलं.